आवारातील अजगर व कार्बोलिक ॲसिडची फवारणी : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : नियोजित फवारणी स्थगित ठेवण्याबाबत.

महोदय,

पंपघरामागील नाल्यालगत अजगर दिसल्यामुळे तेथे कार्बोलिक ॲसिड फवारण्यात येणार असल्याची सूचना फलकावर वाचली. सभासदांची भीती मी समजू शकतो. तथापि ही फवारणी थांबवावी, अशी विनंती आहे. या रसायनामुळे साप फिरकत नाहीत हा समज निराधार आहे. उलट ते अंगावर पडल्यास सापाचीच नव्हे, तर माणसाचीही कातडी भाजते, आणि त्याच नाल्याकाठी आपली मुले चेंडू शोधायला उतरतात.

परवा तो अजगर पोट फुगलेल्या अवस्थेत जागच्या जागी पडून होता. बघ्यांपैकी कोणीतरी बांबूने डिवचल्यावर त्याने लाळेने माखलेली अख्खी घूस ओकून टाकली आणि जाळीच्या फटीतून तो नाल्यात शिरला. भक्ष्य गिळलेला अजगर जड झालेला असतो. त्रास दिल्यास निसटण्यासाठी तो असे पोट रिकामे करतो. तो बिनविषारी असला, तरी त्याचे आत वळलेले दात खोल जखम करतात, त्यामुळे फोटोसाठी वाकून उभ्या राहिलेल्यांना (त्यांत मुलांपेक्षा मोठेच अधिक होते) कमिटीने लेखी समज द्यावी.

मूळ प्रश्न घुशींचा आहे. ओल्या कचऱ्याच्या डब्यांना झाकणे नाहीत आणि कुंपणाची भिंत घुशींनी खालून पोखरली आहे. अजगर हलवला तरी हे खाद्य इथेच राहणार, आणि त्यामागे उद्या नाग आला तर तो बिनविषारी नसेल. फवारणीचा खर्च झाकणांवर आणि नाल्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवण्यावर करावा. बिळे मात्र वनविभागाच्या पाहणीनंतरच बुजवावीत, कारण अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून, स्नायूंच्या आकुंचनाने त्यांना ऊब देत कित्येक आठवडे बसून राहते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार अजगराला मारणे किंवा परस्पर पकडणे हा गुन्हा आहे, याची नोंद सूचनाफलकावरही असावी.

वनविभागाचा मदत क्रमांक 1926 सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये लावावा, आणि साप दिसल्यास मदत येईपर्यंत त्याच्यावर दुरून नजर ठेवून गर्दी हटवणे एवढेच काम त्यांच्याकडे द्यावे. हा विषय येत्या कमिटी बैठकीत घ्यावा आणि तोपर्यंत फवारणी करणाऱ्यास आवारात बोलावू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सभासद