बॉक्स आला, पण घरातली वायर तपासली का?

प्रति,
मा. संपादक,

(३१ मार्च २०१३ च्या मुदतीआधी लिहिलेले पत्र; त्यातले नियम, दर आणि सेवा त्या वेळच्या.)

महोदय,

केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०१३ रोजी पुरा व्हायचा आहे. त्यात देशातली ३८ शहरे आहेत आणि नागपूर त्यांपैकी एक. केबल टीव्ही कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर इथल्या केबलवरून जुन्या पद्धतीचे, म्हणजे अ‍ॅनालॉग, प्रक्षेपण करता येणार नाही. ज्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स नाही त्यावर केबलची एकही वाहिनी दिसणार नाही. पहिल्या टप्प्याची मुदत ३० जून २०१२ वरून ३१ ऑक्टोबरवर गेली होती, म्हणून आपलीही पुढे सरकेल असा पुष्कळांचा होरा दिसतो. त्या भरवशावर बसण्याआधी कॅलेंडर पाहावे. २७ मार्चला धूळवड, २९ ला गुड फ्रायडे आणि ३१ ला चक्क रविवार आहे. शिडी, पक्कड आणि मीटर घेऊन फिरणारी माणसे मात्र आहेत तेवढीच राहणार.

सगळी चर्चा बॉक्सची चालली आहे: केवढ्याला, कोणत्या कंपनीचा, कधी मिळणार. घरातल्या वायरीबद्दल कुणी बोलत नाही. प्रत्यक्षात ‘बॉक्स खराब आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बॉक्स बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड वायर, जॉइंट किंवा स्प्लिटरमध्ये (एका वायरीचे फाटे करणाऱ्या डबीत) निघतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येतात. तो आणखी घसरला की मुंग्या वाढतात, पण चित्र आणि आवाज कसाबसा मिळत राहतो, आणि वर्षानुवर्षे त्यावरच भागवले जाते. डिजिटलमध्ये ही सवलत नाही. सिग्नल आकड्यांच्या रूपात येतो आणि बॉक्सला ते आकडे वाचता येतात तोवर चित्र लख्ख. चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की आधी चित्र चौकोनांत फुटते, आवाज तुटतो आणि लगेच पडदा काळा. या दोन अवस्थांमधले अंतर अवघ्या एक-दोन डेसिबलचे (सिग्नलचा जोर मोजायचे एकक) असते. म्हणजे ज्या घरात आज मुंग्या आहेत त्या घरात १ एप्रिलला चित्र सुधारेलच असे नाही, ते पूर्ण जाऊही शकते.

तेव्हा तपासणी मुंग्यांपासूनच सुरू करा. आज कोणत्या वाहिन्यांवर मुंग्या आहेत ते लिहून ठेवा. खालच्या क्रमांकांवर चित्र स्वच्छ आणि वरच्या क्रमांकांवर खराब असेल, तर वायर जुनी किंवा फार लांब आहे, कारण वारंवारता वाढते तशी वायरीतली गळती वाढते. (काही टीव्हींत क्रमांक उलटसुलट लावलेले असतात, ते ध्यानात घ्यावे.) चांगल्या आरजी-६ जातीच्या वायरीत ५०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण १५ डेसिबल जातात. जुन्या बारीक आरजी-५९ मध्ये त्याहून जास्त. दोन्ही ७५ ओहमच्या असल्या तरी त्यांचे कनेक्टर वेगवेगळ्या मापाचे असतात. आरजी-६ चा कनेक्टर बारीक वायरीवर चढवला की तो ढिला बसतो आणि पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा चित्र हलते.

मग गच्चीवर किंवा खिडकीशी जा, जिथून वायर घरात शिरते. महाल, इतवारीसारख्या दाट वस्तीत वायर गच्च्यांवरून, कधी झाडांतून येते आणि मध्ये कुठेतरी दोन टोके पिळून काळी टेप गुंडाळलेली असते. असा जॉइंट अ‍ॅनालॉगला चालून जातो. पावसाळ्यात टेपेखाली पाणी शिरते, वायरीतली धातूची जाळी काळी पडते आणि सिग्नलचा काही भाग तिथून उलटा फिरतो. अ‍ॅनालॉगमध्ये हे सावलीसारखे दुहेरी चित्र म्हणून दिसते, डिजिटलमध्ये चुकांचा आकडा वाढतो. उपाय एकच: पिळलेला जॉइंट कापून दोन एफ-कनेक्टर (वायरीच्या टोकाला बसणारी जोडणी) आणि मध्ये जोडणारा बॅरल लावायचा. तोही उघड्यावर ठेवायचा नाही. वायर घरात शिरण्याआधी बाहेर खाली झुकलेला एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात वायर मोडून दाबली असेल तर तो तुकडा बदला. आतला पांढरा फोम एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही.

कनेक्टर लावणे अवघड नाही, पण निष्काळजीपणा इथेच होतो. बाहेरचे आवरण सुमारे १२ मिलिमीटर काढा, जाळी मागे उलटवा, पांढरा फोम टोकाकडून ६ मिलिमीटर कापा. कनेक्टर बसवल्यावर आतल्या तांब्याच्या तारेचे टोक त्याच्या काठाबाहेर २-३ मिलिमीटर दिसले पाहिजे. जास्त राहिले तर बॉक्सचे सॉकेट आतून वाकते, कमी राहिले तर संपर्कच होत नाही. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटला की शॉर्ट होऊन सगळेच बंद. हाताने पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा क्रिंपिंग पकडीने दाबलेला टिकतो. नेलकटरने किंवा दातांनी सोललेल्या वायरीबद्दल काही न लिहिलेलेच बरे.

स्प्लिटरचा हिशेब तर कुणीच करत नाही. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्यावर साधारण ४ डेसिबल कमी होतात, चार फाट्यांच्यात ७ ते ८. पूर्वी कधीतरी तीन खोल्यांसाठी चारचा स्प्लिटर बसवला आणि आज एकच टीव्ही उरला, तर बाकीचा सिग्नल फुकट जातो आहे. स्प्लिटर काढा, वायर सरळ जोडा. तो ठेवायचाच असेल तर रिकाम्या फाट्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर (फाटा बंद करणारे टोपण) लावा. घरातला छोटा बूस्टर काढून टाकणे उत्तम. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि सिग्नल आधीच जोरदार असला तर त्याला विकृत करतो. याची उलट बाजूही आहे. खांबावरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागून असलेल्या घरात सिग्नल गरजेपेक्षा जास्त येतो आणि तिथेही चौकोन फुटतात. तिथे ६ किंवा १० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावला की काम होते. स्ट्रेंथ पूर्ण दाखवते, मग चित्र का फुटते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या असतात. पाहायची ती क्वालिटी. बिघाड कोणाकडे आहे हे ठरवायचे असेल तर बॉक्स आणि टीव्ही वायर घरात येते तिथे नेऊन, स्प्लिटर टाळून, मीटरभर नव्या वायरीने जोडून पाहा. तिथे चित्र स्थिर असेल तर दोष घरात आहे, तिथेही फुटत असेल तर तो केबलवाल्याच्या लाइनमध्ये. आणखी एक खूण: डिजिटलमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या एकाच जागेत दहा-बारा किंवा त्याहून जास्त वाहिन्या एकत्र येतात. त्यामुळे एकाच वेळी दहा-बारा वाहिन्या गेल्या आणि बाकीच्या नीट चालल्या, तर बॉक्स बदलून काही होणार नाही. त्या एका वारंवारतेवर सिग्नल घसरलेला आहे. गेलेल्या वाहिन्यांची नावे फोनवर सांगितली की जाणत्या माणसाला ते लगेच कळते.

टीव्ही बदलायची गरज नाही, हे ठासून सांगायला हवे. पिवळे, पांढरे आणि लाल सॉकेट असलेला कोणताही जुना टीव्ही चालतो. टीव्हीला आवाजाचे एकच सॉकेट असेल तर पांढरी पिन लावा आणि बॉक्सच्या मेनूत आवाज मोनो करा, नाहीतर एकाच बाजूचा आवाज ऐकू येईल. चित्र काळेपांढरे आले किंवा वर-खाली पळू लागले तर बॉक्स एनटीएससी या परदेशी चित्रपद्धतीवर आहे, मेनूत पाल (PAL) ही आपल्याकडची पद्धत निवडा. माणसे लांबट किंवा चपटी दिसली तर ४:३ निवडा. ज्या टीव्हीला फक्त अँटेनाचे सॉकेट आहे त्यासाठी आरएफ आउट (अँटेनाच्या सॉकेटला जोडता येणारी वाट) असलेला बॉक्स मागा किंवा वेगळा आरएफ मॉड्युलेटर घ्या. ज्येष्ठांच्या घरी सर्वांत जास्त घोळ होतो तो वीज गेल्यावर. जुना टीव्ही परत सुरू होताना एव्हीवरून (बॉक्स जोडलेल्या सॉकेटवरून) निघून एक नंबरच्या वाहिनीवर येतो, पडदा निळा पडतो आणि बॉक्स बिघडला असे वाटते. टीव्हीच्या रिमोटवरचे एव्हीचे बटण रंगीत टेपने खूण करून ठेवावे.

घरात दोन टीव्ही असतील तर प्रत्येकावर वेगळी वाहिनी पाहायला दोन बॉक्स लागतील. एका बॉक्सची वायर दोन टीव्हींना नेली तर दोन्हीकडे तेच चित्र दिसते. फॉर्म भरताना बॉक्सचा क्रमांक आणि व्ह्यूइंग कार्डचा क्रमांक स्वतः उतरवून घ्या, पावती घ्या, बॉक्स विकत आहे की भाड्याने हे लेखी घ्या. कार्ड त्या विशिष्ट बॉक्सशी बांधलेले असते, शेजाऱ्याच्या बॉक्समध्ये घालून उपयोग नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या केबलवर चालत नाही, म्हणून घर बदलणाऱ्या भाडेकरूंनी विकत घेण्याआधी विचार करावा. वाहिन्या सुरू करण्याचा आदेश केबलमधूनच बॉक्सपर्यंत येतो, तेव्हा जोडणीच्या दिवशी वायर लावून बॉक्स चालू ठेवा. बंद बॉक्सला तो आदेश मिळत नाही. २०१३ मध्ये किमान १०० मोफत वाहिन्यांचा मूळ संच कर सोडून महिना १०० रुपयांत मिळण्याची तरतूद होती.

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरून येणारे दूरदर्शन जे २०१३ मध्ये अँटेनावर पाहत होते त्यांना ३१ मार्चने काही फरक पडत नव्हता. केबल नकोच असेल त्यांच्यासाठी दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली सेवा आहे (२०१३ मध्ये तिचे नाव डीडी डायरेक्ट प्लस). तिच्यासाठी ६० ते ६५ सेंटिमीटरची डिश लागते. तिचा उपग्रह तेव्हा इन्सॅट-४बी होता, जागा ९३.५ अंश पूर्व. नागपुरातून दिशा उत्तरेपासून १४४-१४५ अंश, म्हणजे आग्नेयेहून थोडी दक्षिणेकडे, आणि उंची क्षितिजापासून सुमारे ६० अंश. कोन इतका चढा असल्याने समोर १० मीटर उंच भिंत असली तरी डिश तिच्यापासून ६ मीटरवर पुरते; कडुनिंबाची फांदी मात्र आड येऊ देऊ नका. होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरले तर दिशा चुकते. एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) सरळ न बसवता, डिशमागे उभे राहून उपग्रहाकडे पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने ३३ अंशांच्या आसपास फिरवून क्वालिटी जिथे सर्वाधिक येईल तिथे घट्ट करावा.

आता उन्हाळा येतो आहे. ४५ अंशांच्या दिवसांत बॉक्स टीव्हीच्या डोक्यावर, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि बाजूला कूलरचे तुषार, ही मांडणी त्याला लवकर संपवते. चारही बाजूंनी हवा लागू द्या. वायर काढताना-लावताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढलेले असावेत. केबलची जाळी घराघरांतून सलग गेलेली असते आणि कुणाच्या तरी घरचा गळता करंट तिच्यावर असू शकतो. वळवाच्या गडगडाटात केबल बॉक्सपासून सोडवून ठेवावी, केवळ स्विच बंद करून भागत नाही.

केबलचालकांकडे एकच मागणी आहे. बॉक्स देणाऱ्या माणसाजवळ मीटर असावा आणि बॉक्सच्या सॉकेटपाशी सिग्नलची पातळी ४५ ते ७० डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या दरम्यान व एमईआर (सिग्नलच्या शुद्धतेचे माप) २८ च्या वर आल्याशिवाय जोडणी पूर्ण धरू नये. हे दोन्ही आकडे, सर्वांत वरच्या वारंवारतेवर मोजलेले, ग्राहकाच्या फॉर्मच्या प्रतीवर बॉक्स क्रमांकाशेजारी लिहून द्यावेत.

आपले,
केबल जोडणी व दुरुस्तीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
नागपूर