युद्ध थांबवायलाच दोन तृतीयांश मते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालू युद्धातून फौजा परत बोलावण्याचा ठराव अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आला की आपल्याकडे एका ओळीची बातमी येते: ठराव मंजूर झाला, किंवा पडला. मंजूर झालेल्या ठरावाचे पुढे काय होते, हे सहसा वाचायला मिळत नाही. त्याविषयी लिहायचे आहे.

मी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले. अमेरिकी राज्यघटना आली की फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे काँग्रेस, उजवीकडे राष्ट्राध्यक्ष. युद्ध घोषित करणे, सैन्य उभारणे, त्याला पैसा देणे हे सगळे डावीकडे, सरसेनापतिपद उजवीकडे. एकदा एका मुलीने विचारले, ‘‘बाई, सुरू झालेले युद्ध थांबवणार कोण?’’ मी खडू डाव्या रकान्यावर टेकवला आणि ‘‘अर्थात काँग्रेस’’ म्हणून पुढे गेले. ते उत्तर अपुरे होते. येमेनच्या ठरावाचे काय झाले ते पाहिल्यापासून मला ते सलते आहे.

९ ऑगस्ट २०१८ रोजी उत्तर येमेनमधल्या दह्यान गावच्या बाजारात सहलीच्या मुलांची बस थांबली होती. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने तिच्यावर हवाई हल्ला केला. चाळीस मुले गेली. मागे राहिलेली, रक्ताने माखलेली निळी दप्तरे जगाने पाहिली. बॉम्ब अमेरिकी बनावटीचा होता. आघाडीला शस्त्रे आणि गुप्त माहिती अमेरिका देत होती, त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत तिच्या विमानांना आकाशात इंधनही पुरवत होती, आणि या युद्धात उतरायला काँग्रेसने कधीच मान्यता दिलेली नव्हती.

काँग्रेसने अखेर पाऊल उचलले. १३ मार्च २०१९ रोजी सिनेटने ५४ विरुद्ध ४६ मतांनी, तर ४ एप्रिलला प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी या युद्धातून अंग काढून घेण्याचा ठराव मंजूर केला. १९७३च्या युद्धाधिकार कायद्याखाली असा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ. १६ एप्रिलला ट्रम्प यांनी तो नकाराधिकार वापरून परत पाठवला. २ मे रोजी सिनेटमध्ये पुन्हा मतदान झाले. ५३ सिनेटर ठरावाच्या बाजूने, ४५ विरोधात. तरीही ठराव मेला, कारण नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. पुढच्याच वर्षी इराणविषयीच्या ठरावाची हीच गत झाली.

हा हिशेब उलटा आहे. राष्ट्राध्यक्षाने कारवाई सुरू केली तर त्याला आधी एकही मत लागत नाही. ती थांबवायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश जमवा. म्हणजे शंभरांच्या सिनेटमध्ये ३४ जण राष्ट्राध्यक्षाच्या पाठीशी उभे राहिले की युद्ध चालू राहते.

कायदा करणाऱ्यांना हे नको होते. निक्सन यांचा नकाराधिकार मोडून ७ नोव्हेंबर १९७३ रोजी काँग्रेसने हा कायदा केला, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरजच नसलेल्या, दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताच्या ठरावाने फौजा परत आणता येतील अशी तरतूद होती. पण १९८३ मध्ये स्थलांतराशी संबंधित चढ्ढा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहीवाचून चालणारे असे ‘विधिमंडळाचे नकाराधिकार’ घटनाबाह्य ठरवले आणि या तरतुदीचा कणाच मोडला. त्याच वर्षी पर्यायी वाट काढली गेली, तिच्यात सही आली आणि सहीबरोबर नकाराधिकारही. काँग्रेसची मान्यता नसेल तर साठ दिवसांत कारवाई थांबवायची, अशी मुदत या कायद्यात आहे, पण २०११ मध्ये लिबियावर हल्ले चालू असताना ओबामा प्रशासनाने त्यांना कायद्यातल्या अर्थाने ‘शत्रुत्वाची कारवाई’ म्हणायलाच नकार दिला आणि ती मुदत निघून गेली.

उरते ती तिजोरी. अमेरिकेची कंबोडियावरची बॉम्बफेक थांबवण्यासाठी काँग्रेसने १९७३च्या जूनमध्ये खर्चाच्या विधेयकात पैसा बंद करण्याचे कलम घातले. निक्सन यांनी २७ जूनला ते विधेयक फेटाळले, आणि ते उलटवायला पुरेशी मते मिळाली नाहीत. इथपर्यंत गोष्ट येमेनसारखीच. पण तेव्हा अमेरिकेचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असे, आणि सरकार चालवायला पैसा हवा होता. हेच कलम पुढच्या विधेयकांनाही जोडायची काँग्रेसची तयारी होती. निक्सन नमले. १ जुलैला सही झाली, १५ ऑगस्टनंतर एक डॉलरही मिळणार नाही असे ठरले, आणि त्या दिवशी बॉम्बफेक थांबली.

पण त्या तडजोडीतले ४५ दिवस माझ्या मनातून जात नाहीत. ६ ऑगस्टला बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाने कंबोडियातल्या नेआक लुओंग या गावावर आपले बॉम्ब टाकले. गाव शत्रूचे नव्हते, अमेरिकेच्या मित्र सरकारच्या ताब्यातले होते. गावातल्या रडार खुणेपासून ठरलेल्या अंतरावर नेम धरायचा होता, त्यासाठीचा स्विच विमानात दाबायचा राहिला, आणि बॉम्ब थेट गावावरच पडले. १३७ माणसे मेली. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

पैसा बंद केला तर रणांगणावरचा सैनिक उघडा पडेल, असे दर वेळी म्हटले जाते. ही भीती मी झटकून टाकत नाही. घरातले कोणी सीमेवर असेल त्याला ती झोपू देत नाही. पण सोमालियात १९९३ मध्ये मोगादिशूच्या चकमकीत १८ अमेरिकी सैनिक मारले गेल्यावर काँग्रेसने ३१ मार्च १९९४ ही शेवटची तारीख कायद्यात लिहिली, आणि फौजा तिच्या आत बाहेर पडल्या. तारीख आधी ठाऊक असली की सेनापतीला माघारीची आखणी करता येते.

म्हणून माझे म्हणणे असे, की मते युद्ध चालू ठेवणाऱ्याने जमवावीत. ठरलेल्या मुदतीत काँग्रेसने होकार दिला नाही तर पैसा आपोआप बंद व्हावा, आणि दिलेल्या प्रत्येक मान्यतेला शेवटची तारीख असावी. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर काँग्रेसने लष्करी बळ वापरायला दिलेल्या मान्यतेला ती नव्हती. जेमतेम साठ शब्दांच्या त्या मजकुराच्या आधारावर वीस वर्षे निरनिराळ्या देशांत कारवाया झाल्या. २०२१ मध्ये ख्रिस मर्फी, माइक ली आणि बर्नी सँडर्स या अगदी वेगवेगळ्या विचारांच्या सिनेटरांनी नेमके असे विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही.

आपल्याला एक विनंती. यापुढे अशा ठरावाची बातमी देताना दोन गोष्टी जरूर छापाव्यात: त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते का, आणि त्याला पैसा जोडलेला आहे का.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका