सातवीच्या वह्या आणि पूर्णविराम

प्रिय बयो,

तुझा मेसेज आला तेव्हा सातवीच्या वह्या तपासत बसले होते म्हणून उत्तराला उशीर झाला. मुलं पूर्णविराम देतच नाहीत, काय करू, असं विचारलंस ना, अगं माझ्याकडेपण तेच, एकाने आजीबरोबर सिंहगडावर गेल्याचं अख्खं पान लिहिलंय आणि पूर्णविराम एकच, तोही पार शेवटी.

आधी मी लाल पेनाने स्वतःच टिंबं देत सुटायचे, पुढच्या निबंधात परत तेच. मग लक्षात आलं की लांब वाक्य म्हणजे चुकीचं वाक्य नव्हे हे मुलांना कुणी सांगतच नाही. 'सकाळी लवकर उठून, डबा भरून, स्वारगेटहून बस पकडून आम्ही गडाच्या पायथ्याशी पोचलो' केवढं लांबलचक, पण पूर्ण क्रियापद एकच, त्यामुळे ते केवल वाक्य. आणि 'धुकं होतं पाय घसरला' चारच शब्द, तरी दोन वाक्यं चिकटलेली! म्हणून आता आधी फक्त क्रियापदांखाली रेघ मारायला लावते, 'उठून', 'भरून' सोडून. मग दोन रेघांच्या मध्ये काय हवं ते त्यांनीच ठरवायचं, पूर्णविराम की आणि, पण, म्हणून, कारण. इंग्रजीच्या तासाला एक जास्तीचं सांगावं लागतं, मराठीत 'आला, बसला, निघून गेला' आपण सहज लिहितो पण तिकडे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की चूक धरतात.

आणि रागावू नकोस गं मुलांना. आपली जुनी मोडी पत्रं बघ, इथे भारत इतिहास संशोधक मंडळात ढिगाने आहेत, विरामचिन्हं नाहीत, शब्दांमध्ये जागासुद्धा नाही. ही चिन्हं मराठीत रुळली ती मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यामुळे, त्यांनी १८५० साली त्यावर पुस्तकच काढलं. म्हणजे जी गोष्ट मराठीला एवढ्या उशिरा मिळाली ती बारा वर्षांच्या पोराला एका टर्ममध्ये कशी येईल?

त्या सिंहगडवाल्याचं सांगायचं राहिलं. त्याने लिहिलेलं 'माझा पाय घसरला मी कोणाला सांगितलं नाही आजी पिठलं भाकरी घेत होती'. म्हटलं, तूच जोड बघू. बराच वेळ पेन चावत बसला आणि मग लिहून आणलं, 'माझा पाय घसरला पण मी कोणाला सांगितलं नाही, कारण आजी घाबरली असती आणि आम्ही परत कधी गडावर गेलो नसतो.'

मी गुडघा दाखव म्हटलं. खपली धरली होती.

तुझ्या वर्गात करून बघ आणि लगेच कळव, मी वाट बघतेय.

तुझीच