सोसण्याची परीक्षा कोणी घेतलेली नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघेही "सगळे ठीक आहे" एवढेच म्हणता आणि मला पुढे काही विचारता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आईची केमोथेरपी वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे, गाठ लहान होत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानताना मलाही भरून येते. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. निमूटपणे सोसणे म्हणजेच श्रद्धा, असे तुम्ही दोघेही मानू लागला आहात.

आई, मी तिथे होते तेव्हा ब्लाउजचे हूक लावताना तुझी बोटे पुन्हा पुन्हा निसटत होती. शेवटी तू एकेक हूक डोळ्यांसमोर आणून, चिमटीत घट्ट धरून लावलास, आणि मी पाहते आहे हे लक्षात येताच पाठ फिरवलीस. बोटांना मुंग्या येतात, तळपाय बधिर वाटतात, हे तू डॉक्टरांना अजून सांगितलेले नाहीस, कारण देवाने एवढे दिले असताना कुरकुर कशी करायची, असे तुला वाटते. तुला दिले जाणारे केमोचे औषध, पॅक्लिटॅक्सेल, हातापायांच्या टोकांकडील नसांना इजा करू शकते, आणि तुला बटण लावता येते की नाही, हे रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. ते तूच सांगायला हवे. वेळेवर कळले तर औषधाची मात्रा कमी करता येते किंवा पुढचा डोस लांबवता येतो. उशीर झाला तर बधिरपणा उपचार संपल्यावरही महिनोन्महिने, काहींना कायमचा राहतो. मात्रा कमी केली तर आजार उलटेल, ही भीती तुझ्या मनात असणार. तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा, पण तुझ्या बोटांची अवस्था ठाऊक असताना घ्यावा.

अंगदुखीचेही तेच. डोसनंतर दोन-तीन दिवसांनी सांधे आणि स्नायू ठणकू लागतात, तेव्हा लिहून दिलेली गोळी बाजूला ठेवून तू रात्रभर प्रार्थना करीत जागी राहतेस. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स अत्यंत श्रद्धाळू होत्या, आणि दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता वेदनाशामक ठरलेल्या वेळी दिले पाहिजे, हा आग्रह त्यांनीच आयुष्यभर धरला. शरीराच्या वेदनेबरोबर मनाची, नात्यांची आणि आत्म्याची वेदनाही पाहिली पाहिजे, हे वैद्यकशास्त्राला पटवून देण्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. तू प्रार्थना अवश्य कर, पण गोळी घेऊन कर. ठणका कमी झाला तर तुझे चित्तही त्यात अधिक लागेल.

मात्र गोळीआधी ताप पाहायलाच हवा, नाहीतर गोळीने तो झाकला जाऊ शकतो. डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या काळात साधा दिसणारा तापही जिवावर बेतू शकतो. बाबा, थर्मामीटर 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट दाखवू लागले, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी रुग्णालयात फोन करा आणि निघा.

भेटायला आलेल्या कोणी तरी म्हणे आईला सांगितले की भक्ती पुरेशी असती तर हा आजार झालाच नसता. मला याचा संताप आला. पेशींच्या जनुकांत बदल साठत जातात आणि त्यांची वाढ आवरेनाशी होते, त्यातून कर्करोग होतो. कोणाच्या भक्तीचे मोजमाप त्यात नसते. आजारी माणसाच्या उशाशी बसून असे बोलणाऱ्यांना यापुढे नम्रपणे, पण लगेच उठवा. त्यांनी दिलेले चूर्णही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, कारण पॅक्लिटॅक्सेल यकृतातच मोडले जाते आणि इतर द्रव्यांमुळे त्याचे प्रमाण बिघडू शकते.

आणि बाबा, आता तुमच्याविषयी. औषधांच्या वेळा तुम्ही वहीत ज्या नेटक्या अक्षरात लिहिता, त्या अक्षराच्या ओळी अलीकडे खाली घसरू लागल्या आहेत. तुम्ही खुर्चीत बसून झोपता, स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकवता आणि मदत मागणे म्हणजे सेवेत कसूर, असे मानता. ज्याला रात्री-अपरात्री आईच्या तापाचा निर्णय घ्यायचा आहे, त्याची झोप हा तिच्या उपचारांचाच भाग आहे. तुमची सेवा मी वाटून घेतली, तर तिचे पुण्य कमी होणार नाही.

पुढच्या डोसला मी येते आहे आणि आठवडाभर राहणार आहे. बोटांविषयी आईने स्वतः बोलावे, अडखळली तर मी बोलेन. रात्री तिच्याजवळ मी झोपेन. तुम्ही आतल्या खोलीत, पलंगावर झोपा, आणि वही माझ्याकडे द्या.

तुमची,
लेक