गुंठ्याचा रेट सोडा, आधी झाडं नीट मोजा

संपादक साहेब, स. न. वि. वि.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं परत जोरात सुरू झालंय आणि आमच्या देवगड साइडला चार माणसं जमली की एकच विषय, संपादनात गुंठ्याला भरपाई किती मिळणार. अंतुले साहेबांच्या काळापासून ह्या रस्त्याचं ऐकतोय, त्यामुळे विरोध वगैरे काही नाही, उलट होऊ दे एकदाचा. पण कोकणात पैसे बुडतात ते नुसते जमिनीच्या रेटमध्ये नाही, जमिनीवर जे उभं आहे त्यात जास्त बुडतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुंबई-गोवा हायवेत ज्यांची बाग गेली त्यांना विचारा.

आमच्या मामांची गेली. संयुक्त मोजणीला टीम आली ती भर उन्हात, एक टेप धरणारा, एक लिहिणारा, बुंध्यावर ऑइलपेंटने नंबर मारत पुढे चालले. आजोबांच्या हातचं हापूसचं कलम, ज्याच्या शेंड्याला झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) पुरत नाही, ते आणि बाजूचं चार वर्षांचं कलम एकाच ओळीत, ‘आंबा, 2 नग’. चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, सिमेंटशिवाय रचलेला म्हणून बांधकामात धरलाच नाही. विहिरीचा व्यास लिहिला, खोली नाही, आता कातळ फोडून काढलेल्या विहिरीचा सगळा खर्च खोलीतच असतो हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहितीये. मामी म्हणाली, “झाडा मोजूक इले, पण वर बघूक कोणाक येळ नाय.” सह्या झाल्या, पंचनाम्याची कॉपी कोणी दिली नाही आणि मामांनी मागितली पण नाही.

ह्याने फरक किती पडतो ते सांगतो. मुंबई-गोवासारख्या राष्ट्रीय महामार्गाचं संपादन 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने होतं, पण भरपाईचा हिशेब 2015 पासून 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणेच करायचा असतो. त्यात रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा दर एकीकडे आणि आजूबाजूच्या मागच्या 3 वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी दुसरीकडे, जो आकडा जास्त तो धरायचा, त्याला गुणांकाने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या आकड्याने गुणायचं, मग झाडं, घर, विहीर ह्यांची किंमत मिळवायची आणि सगळ्या बेरजेवर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने जाते म्हणून वर मिळणारे पैसे. जुन्या 1894 च्या कायद्यात, म्हणजे कोकण रेल्वेच्या वेळेला, ही दिलासा रक्कम 30 टक्केच होती. गुणांक ग्रामीण भागात 2 होता, तो राज्य सरकारने ऑक्टोबर 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांपुरता 1 वर आणला, म्हणजे गुंठ्याला 1 लाख भाव निघाला तर जिथे 4 लाख हातात यायचे तिथे 2 लाख. ह्यावर बोंब झाली ती बरोबरच आहे. पण झाडांना गुणांक लागतच नाही, दिलासा मात्र लागतो, त्यामुळे एका कलमाची किंमत 10 हजाराने कमी लिहिली की आपले 20 हजार गेले. बागेत कलमं किती ते ज्याने त्याने मोजावं.

रेटचं म्हणाल तर तो आपणच पाडून ठेवलाय. सातबारा सामाईक, त्यावर पन्नास-साठ नावं, त्यातली निम्मी मुंबईला, मग खरेदीखतं होणार कुठून? जी होतात त्यातही स्टँप ड्युटी वाचवायला खतावर अर्धी रक्कम आणि बाकीची रोख. उद्या सरासरी काढायला बसले की हीच खतं पुढे येतात आणि मग आम्ही बोलायचं सरकार लुटतंय. त्यात रेडी रेकनर 2023-24 आणि 2024-25 अशी सलग दोन वर्षं वाढवलाच नव्हता.

कलमाची किंमत उत्पन्नावरून काढतात, वर्षाचं निव्वळ उत्पन्न गुणिले एक ठरावीक आकडा, सुप्रीम कोर्टाने 2002 च्या एका निकालात तो 8 धरला होता. ठीक आहे, पण कुठल्या वर्षाचं उत्पन्न? हापूस एक वर्षाआड धरतो, कल्टार (मोहोर आणायचं औषध) घातलेल्या बागेचं गणित आणखी वेगळं, आणि 10 वर्षांचं कलम आणि 50 वर्षांचं कलम एका भावात कसं बसवणार. कायद्यातच लिहिलंय की झाडांच्या किमतीसाठी शेतीतल्या जाणकारांची मदत घेता येते. मग दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आपल्या दारात असताना त्यांच्याकडून आंबा, काजू, माड, सुपारीचं वयानुसार किमतीचं कोष्टक करून घ्यायला अडचण कसली? दरवर्षी सुधारून ते पेपरात छापा, भरपाई ठरवणाऱ्या प्रांतालाही सोपं आणि आम्हालाही.

तोपर्यंत मोजणीच्या कागदावर झाडाचं वय आणि बुंध्याचा घेर असे दोन रकाने वाढवा, पंचनाम्याची कॉपी त्याच दिवशी हातात द्या आणि निवाडा, म्हणजे भरपाईचा आदेश, व्हायच्या आधी गटवार मूल्यांकन चावडीवर लावा. नंतर लवादाकडे जाता येतं हे माहितीये हो, पण तोवर झाड तुटलेलं असतं, दाखवणार काय?

आणि मुंबईकर भावबंदांना एक सांगणं. झाडं सातबाऱ्यावर नसतील तर भांडायला हातात काहीच नाही, ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः फोटो काढून नोंद करता येते, वारस नोंदी पण राहिल्यात त्या करून घ्या. गणपतीला याल तेव्हा नुसतं मखराचं सामान नको, वारसाचे कागद पण घेऊन या.

एक बागायतदार, ता. देवगड