भाऊ म्हणू नकोस

मिरज, मंगळवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घेतलेल्या मुलाखतीबद्दल मी "छान झाली" एवढंच म्हणाले आणि तू लगेच ओळखलंस की पुढे काहीतरी आहे. पण तुझ्यामागे न्यूजरूमचा गलका होता आणि इकडे माझा कुकर शिट्या देत होता, म्हणून लिहिते. तशीही माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणाचे अहवाल लिहिण्यात गेली, बोलण्यापेक्षा मला लिहायलाच जमतं.

आधी कौतुक. कारखाना, इंजिनीअरिंग कॉलेज, दोन कंपन्या आणि वर आमदारकी, असा माणूस समोर असताना तुझा आवाज एकदाही कापला नाही. बाबांनी सोसायटीतल्या चौघांना चहाला बोलावून मुलाखत दाखवली. मी मात्र दुसऱ्यांदा पाहताना वही-पेन्सिल घेऊन बसले, जुनी खोड. पंचवीस मिनिटांत तू त्यांना एकोणीस वेळा 'भाऊ' म्हणालीस.

हसू नकोस. आपल्याकडे सत्तेला नातं चिकटवायची सवय आहे. दादा, भाऊ, ताई, आबा, अण्णा, नाना आणि काहीच नाही जमलं तर साहेब. बातमीच्या मथळ्यातसुद्धा पुष्कळदा आडनाव नसतंच. आता घरच्या भावाला "वहिनींच्या नावावरची ती जमीन कुठून आली हो?" असं कोण विचारतं? त्यात तुमचं चॅनेल त्यांना 'आजचे आपले पाहुणे' म्हणून बसवतं. पाहुण्याला पाणी विचारतात, हिशेब नाही. 'आपण' म्हण, 'श्री.' लावून आडनाव घे. त्यात पुरेसा मान आहे आणि हातभर अंतरही.

हे मला कसं कळलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तू तिसरीत असशील. एका पतसंस्थेचं लेखापरीक्षण माझ्याकडे होतं. नाव लिहीत नाही. चेअरमन तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांच्या घरून निरोप आला, "बाईंना जेवायला घेऊन या." कर्मचारी म्हणाले, नाही म्हणू नका, वाईट दिसेल. गेले. जेवण झाल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी मला पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ आणि एक चांगली सिल्कची साडी. ओटी नाकारायची कशी? लाच असती तर हात मागे घेतला असता. पण ही तर ओटी, त्यात कुंकू होतं. दुसऱ्या दिवशी किर्दीला हातशिल्लक नऊ लाख चाळीस हजार दिसत होती. तिजोरी उघडायला लावून रोकड मोजायची, हे ऑडिटचं पहिलं काम. मॅनेजर म्हणाला, किल्ली साहेबांकडे आहे, साहेब मुंबईला गेलेत. एरवी मी तिथेच ठाण मांडलं असतं. त्या दिवशी म्हणाले, बरं, उद्या बघू. तो उद्या आलाच नाही. दीड वर्षानं त्या संस्थेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पुढे सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी झाली, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित झाली, सगळं रीतसर झालं. पण रांगेत आमच्या शाळेच्या शिपाईबाई उभ्या होत्या आणि मी रस्त्याच्या पलीकडून निघून गेले, हे तसंच राहिलं.

तर, मुलाखतीआधी तुझ्या त्या आमदारांच्या फार्महाऊसवर तुमच्या टीमचं जेवण झालं म्हणालीस ना, मटण फार छान होतं म्हणून? तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता.

आता प्रश्नांबद्दल. तुझा पहिला प्रश्न मी घड्याळ लावून मोजला, बावन्न सेकंद. त्यात शेतकऱ्यांची थकलेली बिलं होती, कॉलेजची फी होती, पक्षबदल होता आणि शेवटी "तर याकडे तुम्ही कसं पाहता?" होतं. अशा प्रश्नातून समोरचा आपल्याला हवा तो तुकडा उचलतो. त्यांनी पक्षबदल उचलला आणि बिलं राहिली ती राहिलीच. एका वेळी एकच विचारायचं, तेही असं की उत्तरात आकडा, तारीख, किंवा हो-नाही यावं लागेल. 'कसं पाहता' हा प्रश्नच नव्हे, ते आमंत्रण आहे.

आणि हातात कागद हवा. निवृत्तीनंतर मी यूट्यूबवर काय काय पाहते म्हणून तू चेष्टा करतेस, पण डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ मध्ये घेतलेल्या निक्सन यांच्या मुलाखती बघच. वॉटरगेट प्रकरणात राजीनामा दिलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, त्यात पुढचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला माफी देऊन टाकलेली, म्हणजे या माणसाला कोर्टात उभं करून कुणी विचारणार नव्हतं. फ्रॉस्ट यांची ख्याती करमणुकीच्या कार्यक्रमांची. निक्सन यांना सहा लाख डॉलर द्यायचे ठरले होते (हे मला आजही पटत नाही, पैसे देऊन आणलेल्या माणसाची उलटतपासणी कसली). अठ्ठावीस तासांहून जास्त चित्रीकरण झालं आणि सुरुवातीला निक्सन लांबलचक उत्तरं देऊन वेळ खात राहिले. बाजी कुठे पलटली? फ्रॉस्ट यांच्यासाठी काम करणाऱ्या जेम्स रेस्टन ज्युनियर यांनी निक्सन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स कोल्सन यांच्या संभाषणाच्या, तोवर छापून न आलेल्या नोंदी शोधून काढल्या होत्या. फ्रॉस्ट यांनी त्या समोर वाचायला सुरुवात केली. समोरच्याकडे आपल्याला माहीत नसलेला कागद आहे, हे कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी आयुष्यभर संचालकांच्या बैठकीत पाहिलं आहे. तस्सा चेहरा. शेवटी आपण देशाला निराश केलं, असं निक्सन यांना बोलावं लागलं.

कागद नसला तर काय होतं तेही बघ. एप्रिल २०२३ मध्ये बीबीसीच्या वार्ताहरानं एलॉन मस्क यांना सांगितलं की ट्विटरवर द्वेषाचा मजकूर वाढलेला मला स्वतःला दिसतो. मस्क म्हणाले, एक उदाहरण दे. त्याला एकही देता आलं नाही. मग जगातला सर्वांत श्रीमंतांपैकी एक माणूस प्रश्न विचारू लागला आणि वार्ताहर उत्तरं देऊ लागला. त्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल. व्हाउचर नसलेली नोंद आम्ही धरत नसू, इतकंच.

तुला कागदासाठी फार लांब जायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांपासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्जं, फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागतात. फॉर्म २६ म्हणतात त्याला. निवडणूक आयोगाच्या साइटवर पडलेले असतात. २०१४, २०१९, २०२४, तिन्ही निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेव. कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून मिळतात. दोन संध्याकाळी लागतील. तिसऱ्या संध्याकाळी तुझे प्रश्न आपोआप छोटे होतील.

शब्दांकडे लक्ष ठेव. आमच्या खात्यात 'अपहार' लिहायचा की 'अनियमितता', यावरून भांडणं व्हायची. प्रत्येक चेअरमनला अनियमितताच हवी असायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीबीसीच्या एमिली मेटलिस यांनी ब्रिटनचे तेव्हाचे प्रिन्स अँड्र्यू यांची बकिंगहॅम राजवाड्यात, म्हणजे त्यांच्या आईच्याच घरात बसून मुलाखत घेतली. जेफ्री एपस्टीनचं वागणं 'न शोभणारं' होतं, अशा अर्थाचा शब्द ते वापरून गेले. मेटलिस यांनी तो शब्द तिथेच उचलला: न शोभणारं? तो लैंगिक गुन्हेगार होता. आवाज चढवला नाही, भाषण नाही. बाकी वेळ त्या बहुतेक ऐकत होत्या. आरोप होता त्या दिवशी आपण मुलीला घेऊन पिझ्झाच्या दुकानात गेलो होतो, असं अँड्र्यू म्हणाले, तेव्हासुद्धा मेटलिस यांनी साधंच विचारलं की हे तुम्हाला इतकं नेमकं कसं लक्षात राहिलं? मुलाखत दाखवल्यावर चार दिवसांत अँड्र्यू यांनी सार्वजनिक कामांतून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. तू मात्र आमदारांचं वाक्य संपायच्या आत "अगदी बरोबर, पण" म्हणतेस. अगदी बरोबर काय होतं गं त्यात?

काही उत्तरं ठरलेली असतात. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." यावर मान डोलावून पुढे जायचं नाही. निकाल काय लागेल हे विचारत नाही, त्या तारखेला आपण संचालक होता की नव्हता? एवढं तर सांगता येईल. "हे सुडाचं राजकारण आहे." असेलही, पण रक्कम बरोबर आहे की चूक? आणि "मी शेतकऱ्याचा मुलगा" हे आलं की थांब, पूर्ण बोलू दे, मग तोच प्रश्न जसाच्या तसा पुन्हा विचार. बीबीसीच्या जेरेमी पॅक्समन यांनी १९९७ मध्ये ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला, तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवायची धमकी दिली होती का. नंतर पॅक्समन यांनीच सांगितलं की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता म्हणून वेळ काढत होतो! तू बारापर्यंत जाऊ नकोस. तीनदा पुरे. उत्तर टाळलं जातंय हे तिसऱ्या वेळी पाहणाऱ्याला कळतं.

उठून गेले तर? २००७ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी पत्रकार करण थापर यांच्या मुलाखतीतून तीन-एक मिनिटांत उठून गेले. त्याआधी २००४ मध्ये जयललिता त्याच थापर यांच्यासमोर पूर्ण वेळ बसल्या, भांडल्या आणि शेवटी, तुमच्याशी बोलून आनंद वगैरे झाला नाही, असं तोंडावर सांगून नमस्ते म्हणाल्या. लोकांच्या लक्षात पहिली राहिली. मला दुसरी जास्त कामाची वाटते, कारण माणूस बसला तर काहीतरी हाती लागतं. म्हणून पहिल्याच मिनिटाला सुरी काढू नकोस. पण उठून जातील या धास्तीनं प्रश्न गिळूही नकोस. तुमच्या त्या मधल्या फळीतल्या साहेबांना वाटतं की भाऊ रागावले तर पुन्हा येणार नाहीत. निवडणूक आली की येतील, काळजी नको.

आपल्याकडची आणखी एक गंमत म्हणजे प्रकट मुलाखत. २०१८ मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची घेतली होती, आठवतं? तू कॉलेज बुडवून गेली होतीस. २०२० मध्ये 'सामना'त पवारांची तीन भागांत आली, ती राऊतांनी घेतलेली. एक राजकारणी विचारतो, दुसरा सांगतो. ती मैफल असते, रंगतेही. फक्त तिला सवाल-जवाब समजू नये, आणि तुमच्या चॅनेलवर हल्ली तीच मैफल स्टुडिओत येऊन बसली आहे.

एका गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही. नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेलं २०१४ मध्ये, एनडीटीव्ही अदानींकडे २०२२ च्या डिसेंबरात. समोरचा माणूसच उद्या चॅनेलचा मालक झाला तर काय करायचं, हे मला निवृत्त ऑडिटरला विचारू नकोस. आमच्याकडे निदान पगार सरकारी होता. पण इतकं तरी करता येईल, की पाहुण्यांचा किंवा त्यांच्या कंपनीचा वाहिनीत हिस्सा असेल, त्यांची जाहिरात मधल्या ब्रेकमध्ये लागणार असेल, तर ते सुरुवातीलाच सांगून टाकायचं. पडद्याखालच्या पट्टीवर नको, तोंडानं. परवाच्या ब्रेकमध्ये त्यांच्या कॉलेजची जाहिरात दोनदा लागली. बाबांच्या चौघा मित्रांपैकी एकानं ते बरोबर हेरलं.

ती सिल्कची साडी अजून कपाटात आहे, घडी न मोडलेली. तू मागे नेसायला मागितलीस तेव्हा मी विषय बदलला होता, तो यामुळे.

रविवारी दुसरा भाग आहे म्हणालीस. बिलांचा प्रश्न राहिलाय, तो आधी घे. जेवून ये, त्यांच्याकडे जेवू नकोस. आणि भाऊ म्हणू नकोस. तुला एकच भाऊ आहे, तो चिंचवडला असतो आणि गेले दोन महिने तुझ्या फोनची वाट बघतोय.

तुझी,
आई