तेल तू जास्त लावलं नव्हतंस

सातारा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू.

काल तालमीत मल्लखांबाची पूजा. पोरं म्हणाली, "काका, एक अढी!" चढलो रे! साधी अढी घातली, मांड्यांनी खांब आवळला, डोकं खाली, हात सोडून सलामी दिली आणि डाव्या मांडीत असा गोळा आला की अढी सुटेना. चौघांनी मला फणस उतरवावा तसं उतरवलं. मारुतीसुद्धा हसला असेल.

रात्री धाकटी मांडी चोळत होती. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे चोळण्याबरोबर लेक्चर फुकट. स्नायूत दोन तऱ्हेचे धागे, ॲक्टिन आणि मायोसिन. स्नायू आखडतो तेव्हा धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मज्जातंतूचा निरोप आला की आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम सुटतं, मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुढे धरतात. आपण दोरावर हातावर हात टाकत चढायचो, तसंच. १९५४ साली दोन जोड्यांनी हे एकाच वेळी छापलं. दोन्हींत एकेक हक्सले, आणि नातं शून्य. आपल्या तालमीतले दोन जोशी आठव! गंमत म्हणजे पकड सोडायलाच एटीपी, म्हणजे स्नायूचं इंधन, लागतं. मेल्यावर ते संपतं, म्हणून मढं ताठतं. म्हटलं, म्हणजे काल मी अर्धा गेलो होतो. "नाही बाबा, तुमच्या नसा उगाच निरोप धाडत बसल्या होत्या."

मग मी सहज विचारलं, मूठ आपोआप सुटते ती का? ती म्हणाली, गच्च आवळलं की आतल्या रक्तवाहिन्याच चेपतात. क्रिएटिन फॉस्फेटची, म्हणजे तातडीच्या इंधनाची, शिदोरी दहाएक सेकंदांची. मग फॉस्फेट साचतं, डोक्यांची ओढ ढिली पडते, कॅल्शियमही पुरतं सुटत नाही. सर 'आम्ल साचलं' म्हणायचे ना? लॅक्टिकवर सगळं खापर फोडणं आता जुनं झालं. ते तासाभरात निघूनही जातं. म्हटलं, मधे विश्रांती घेतली असेल तर? "थोडी ताकद लगेच परत येते. पण काही बिघाड तासन्‌तास राहतो."

बंड्या, तिथे माझी झोप उडाली.

८८ची जिल्हा स्पर्धा. बगलीच्या पकडीतून हात सुटला, मी गादीवर आपटलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "बंड्यानं खांबाला एरंडेल जास्त चोपडलं!" तू सहा महिने बोलला नाहीस. कबड्डीत गेलास, आणि तिथे भिकार खेळलास, ते मी तोंडावर सांगितलंही. पण हे नाही सांगितलं: त्या सकाळी कोल्हापूरच्या पोराला घाबरून मी मागच्या बोळात दांडीला तीनदा जीव जाईस्तोवर लोंबकळलो होतो. नंतर बोटं अशी थरथरत होती की लंगोटाची गाठ बसेना.

ती गाठ तू मारून दिलीस. "थंडी वाजते का रे?" म्हणालास. मे महिना होता. मी "हो" म्हणालो.

इतकी वर्षं मला खरंच वाटायचं की तेलच असेल. निदान अर्धं तरी. काल रात्रभर ती गाठ डोळ्यांपुढे.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? नात बोलते का? वहिनींना नमस्कार, आणि आगळ संपलंय.

तुझा,
दिन्या

ता. क. तेल किंचित जास्त होतंच.